शाळू आत्ताच वैरणीला कापू की दाण्याची वाट पाहू? (सांगोला तालुका, पीक ७४ दिवसांचं)

माणकाठ | १३ डिसेंबर २०२३, रात्री ९:४०

राम राम मंडळी. दोन दिवस झाले झोप लागत नाही म्हणून लिहितोय. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार तुम्ही.

साडेतीन एकर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी आहे, सगळी मालदांडी वाणाची. पेरणी ३० सप्टेंबरची. ऑगस्ट कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो. सप्टेंबरच्या शेवटी जे दोन पाऊस झाले त्या ओलीवर पेरलं. त्यानंतर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक शिडकावा, बस. ३१ ऑक्टोबरला ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला त्यात आमचं सांगोलं आहे.

रान दोन जातीचं आहे. ओढ्याकडचं दोन एकर काळं, खोल. तिथलं पीक छातीला लागतंय, निसवून फुलोऱ्यात आलंय. दुपारी मान टाकतं, पण सकाळी परत ताजं दिसतं. वरचं दीड एकर मुरमाड. तिथं पीक कमरेएवढंच आहे. पानांच्या सुरळ्या झाल्यात आणि आता त्या सकाळीसुद्धा उलगडत नाहीत. कणसं पोटरीतच, म्हणजे शेंड्याच्या पानाच्या वेढ्यातच अडकलीत. खालची पानं वाळून पिवळी पडलीत.

दावणीला दोन संकरित गाई, एक म्हैस, एक कालवड आणि खिलार बैलजोडी. गंजी संपत आली. मागच्या वर्षीचा कडबा फार तर जानेवारीअखेर पुरेल. विहिरीत रोज तीन तास मोटर चालेल एवढंच पाणी, आणि त्यावर एक एकर डाळिंब. हस्त बहार धरलाय, फळं लिंबाएवढी झालीत.

काल एक व्यापारी येऊन गेला. सगळं उभं पीक उक्तं मागतोय, एकरी नऊ हजार. कापायचं, न्यायचं सगळं त्याचं. भाऊ म्हणतो देऊन टाकू. आईचं म्हणणं वेगळं. आजवर आमच्या घरात भाकरीची ज्वारी विकत आणलेली नाही, एवढं एकच वाक्य बोलली आणि उठून गेली.

आता कापावं तर दाणा जातो. थांबावं आणि दाणा भरलाच नाही तर हिरवी वैरणही जाते. काय करावं?

---

मुरघास_करा | १३ डिसेंबर, रात्री १०:०५

दादा, थांबू नका. सगळंच कापा, कुट्टी करा, बॅगा भरा. पाऊस आता येत नाही. आमच्याकडे माळशिरसला मुरघासाच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगेला गिऱ्हाईक रांग लावून उभं आहे.

---

शाळूवाला_मंगळवेढा | १४ डिसेंबर, सकाळी ६:२०

सगळं कापा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मालदांडी आहे ती. मोहोळच्या संशोधन केंद्रावर आपल्याच भागातल्या गावरान वाणातून निवडलेली. कमी ओलीवर तग धरणं हाच तिचा गुण. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं ते काय कॅनॉलच्या पाण्यावर नाही मिळालं. काळी जमीन, खाली साठलेली ओल, थंडी आणि पहाटेचं दव, एवढ्यावर आमचा शाळू पिकतो.

तुम्ही एक काम करा. काळ्या रानात टिकावानं दोन-अडीच फूट खड्डा घ्या. वरची फूटभर माती कोरडी असणारच, ती बघून घाबरू नका. खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि हाताला गार लागला तर अजून वीस दिवसांची सोय आहे. ढेकूळ फुटून भुगा झाला तर मग वेगळं बोलू. आणि भेगा किती पडल्यात ते लिहा. कोळपण्या किती झाल्या?

मुरमाडाबद्दल मी काही बोलत नाही. तिथं मालदांडी पेरायलाच नको होती. हलक्या रानाला फुले अनुराधा किंवा फुले माऊली पेरायची असते. ते पुढच्या वर्षी बघा.

---

सीनाकाठची | १४ डिसेंबर, सकाळी ११:१५

माणकाठ दादा, माझं २०१८ सालचं सांगते. आम्ही करमाळ्याकडचे. त्या वर्षीही ३१ ऑक्टोबरलाच दुष्काळ जाहीर झाला होता, तेव्हा १५१ तालुके होते.

आमचं तीन एकर होतं. तुमच्यासारखीच चर्चा घरात झाली. सासरे म्हणाले कणीस बाहेर पडलंय, आता कापणं पाप आहे. थांबलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबून बघणाऱ्याला पीक झकास दिसायचं. दाणा निम्मा भरला आणि एका रात्री वारं सुटलं. सकाळी जाऊन बघते तर अर्धं रान आडवं. ताट हातात धरलं की बुडातून मोडायचं, आत पोकळ, काळी भुकटी. खडखड्या रोग होता तो. कणसं मातीत पडली, दाणा सुरकुतलेला, आणि कडबा असा झाला की गाय तोंड लावून बाजूला व्हायची. दाणाही गेला, वैरणही गेली. दोन महिन्यांनी जनावरं छावणीत नेऊन बांधली आणि मी तिथं आठवडा आठवडा मुक्काम केला, लेकरं घरी ठेवून.

म्हणून सांगते, थांबायचं असेल तर थांबा, पण दर चार दिवसांनी रानात शिरून बुडातलं ताट दाबून बघा. बांधावरून बघू नका.

आणि व्यापाऱ्याला सगळं देऊ नका. नऊ हजार महिन्यात संपतात. मार्चमध्ये तीच वैरण कितीला मागावी लागेल त्याचा हिशोब आत्ता लावा.

---

निवृत्त_कृषीसहायक | १४ डिसेंबर, दुपारी ३:५०

मंडळी, सगळे आपापल्या जागी बरोबर आहात, पण मापाशिवाय बोलणं चाललंय. मी एकतीस वर्षं पीक कापणीचे प्रयोग केले, त्यातली सोपी पद्धत सांगतो. कागद-पेन्सिल घेऊन रानात जा.

आपली पेरणी दीड फुटी, म्हणजे ४५ सेंटिमीटरची. या अंतरावर एका ओळीचं २९ फूट लांबीचं क्षेत्र म्हणजे बरोबर एका एकराचा हजारावा भाग. २९ फूट दोरी कापून घ्या. बांधापासून आत जाऊन ओळीलगत ताणा. तेवढ्यात ताटं किती ते मोजा, आणि त्यातली दाणा धरतील अशी कणसं किती ते वेगळं मोजा. असं एका तुकड्यात पाच ठिकाणी करा. चांगली जागा निवडून मोजू नका, डोळे मिटून खडा फेका आणि तो पडेल तिथं मोजा. सरासरी काढा. आलेल्या आकड्याला हजारानं गुणलं की एकरी कणसं.

पुढचा भाग अंदाजाचा आहे. काळ्या रानात बऱ्या वर्षी मालदांडीचं कणीस पंचवीस-तीस ग्रॅम दाणा सहज देतं. ओल कमी पडली तर बारा ते अठरा धरा. हलक्या रानात दहाच्या वर धरू नका. चाळीस कणसं मिळाली आणि पंधरा ग्रॅम धरला, तर एकरी सहा क्विंटल. अकरा कणसं आणि दहा ग्रॅम, तर एक क्विंटल दहा किलो. आता तो क्विंटल घरी आणायला उपटणी, कणसं खुडणी, मळणी यांचा खर्च किती लागेल तो तुमचा तुम्ही काढा.

पिकाच्या वयाबद्दलही बोलतो. रब्बी ज्वारीला पाण्याच्या चार नाजूक वेळा असतात. २८ ते ३० दिवसांना गर्भावस्था, ५० ते ५५ ला पोटरी, ७० ते ७५ ला फुलोरा आणि ९० ते ९५ ला दाणे भरणं. पहिल्या दोन वेळा तुमच्या मुरमाडात कोरड्या गेल्या. गर्भावस्थेत कणसाचं माप ठरतं, पोटरीत ते बाहेर येण्याची ताकद ठरते. आता तिथं टँकर ओतला तरी गेलेलं माप परत येत नाही. काळ्या रानाच्या दोन वेळा अजून हातात आहेत. एका शेतकऱ्याची असली तरी ही दोन वेगळी पिकं आहेत. निर्णयही दोन वेगळे घ्या.

---

माणकाठ | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

काका, आज मी आणि पुतण्यानं दोरी घेऊन मोजलं. त्यालाच खडा फेकायला लावला.

काळं रान: २९ फुटांत सरासरी ४८ ताटं, निसवलेली चांगली कणसं ४१.
मुरमाड: ताटं ४२, बाहेर पडलेली कणसं ११. बाकीची पोटरीत अडकलेली, आणि पाच-सहा ताटं तर निव्वळ बाटूक, कणीसच नाही.

मंगळवेढेकर, खड्डाही घेतला. काळ्यात सव्वा फुटाखाली माती गार आहे, गोळा होतो, पण दाबल्यावर तडकतो. मुरमाडात दीड फुटावर टिकावच लागेना, सगळी कोरडी खडी. काळ्यात भेगा दोन बोटं जातील एवढ्या. कोळपण्या दोनच झाल्या, तिसरी राहिली.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या शिडकाव्यानंतर मुरमाडात ताटांच्या बुडाला हिरवेगार कोवळे फुटवे आलेत. वीत-दीड वीत. मला वाटलं जनावरांना तेवढंच हिरवं होईल.

---

शाळूवाला_मंगळवेढा | १४ डिसेंबर, रात्री ८:५५

तिसरी कोळपणी राहिली हेच नुकसान. आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवलं असतं तर भेगा बुजल्या असत्या. भेगेतून पुष्कळ ओल उडून जाते. आता कणसाला धक्का न लागेल अशा बेतानं भेगांत माती लोटता आली तर बघा. ओळीत शिरून पायानं लोटलं तरी चालेल, दोन माणसं दोन दिवस.

सव्वा फुटाखाली गार आहे म्हणता, मग काळं कापू नका.

---

डॉक्टर_गोठेवाले | १४ डिसेंबर, रात्री ९:१०

माणकाठ, बाकी सगळं सावकाश वाचा, हे आधी वाचा. त्या फुटव्यांवर एकही जनावर सोडू नका.

मी पशुवैद्यक आहे. ज्वारीच्या कोवळ्या पाल्यात आणि फुटव्यांत एक द्रव्य असतं, ते जनावराच्या पोटात गेलं की त्याचं हायड्रोजन सायनाइड तयार होतं. आपल्याकडे याला किराळ लागणं म्हणतात. पीक जितकं कोवळं आणि जितकं ताणात, तितकं विष जास्त. पावसाचा ताण आणि त्यावर शिडकावा होऊन आलेला कोवळा फुटवा हा सगळ्यात वाईट मेळ. भुकेलं जनावर अशा रानात सुटलं तर कधी कधी पंधरा-वीस मिनिटांत आडवं होतं. धाप लागते, तोंडाला फेस येतो, थरथरतं, लडखडतं. डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या तर आतून लालभडक दिसतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. सोडियम नायट्राईट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं आणि ते वेळेत मिळालं तर जनावर उभं राहतं. तुमच्या दवाखान्यात ही औषधं शिल्लक आहेत का ते कापणीच्या आधी विचारून ठेवा. एवढा एक फोन कराच.

मोठ्या ताटांत, फुलोरा आल्यानंतर, हे विष बरंच उतरतं. म्हणून काळ्या रानातलं पीक या बाबतीत धोक्याचं नाही. मुरमाडातलं मात्र पोटरीतच अडकलंय आणि खाली फुटवे आहेत. ते हिरवं ओढून थेट दावणीत टाकू नका. कापून पसरून सुकवलं की सायनाइड बरंच उडून जातं. मुरघास केला तर आंबताना आणि बॅग उघडल्यावर बरंचसं निघून जातं. पण बॅग चाळीस दिवस उघडायची नाही. उघडल्यावर त्या दिवसाचा मुरघास तासभर मोकळ्या हवेत पसरून ठेवायचा, मग घालायचा.

दुसरं विष आहे नायट्रेट. याबद्दल फार कमी लोक बोलतात. ताणात पीक जमिनीतला नत्र ओढतं पण पचवू शकत नाही, तो ताटाच्या बुडात साठतो. हे सुकवून जात नाही, कडब्यातही तसंच राहतं. मुरघासात काही प्रमाणात कमी होतं. उपाय साधा आहे: उपटायचं नाही. विळ्यानं कापायचं आणि बुडाकडचं वीतभर ताट रानातच ठेवायचं. आपल्या भागात शाळू उपटायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय. आणि या मुरघासात युरिया मिसळू नका.

पहिले आठ दिवस चार किलोपासून सुरुवात, बरोबर सुका कडबा, आणि रिकाम्या पोटी नाही. गाभण जनावर असेल तर तिला सगळ्यात शेवटी चालू करा.

---

सीनाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

डॉक्टर साहेब, वीतभर बुडखा ठेवला तर त्यालाही परत फुटवे येतील ना? आमच्याकडे कापलेल्या रानात शेळ्या सोडतात.

डॉक्टर_गोठेवाले | १४ डिसेंबर, रात्री ९:३६

ताई, अगदी बरोबर बोललात, ते लिहायचं माझ्याकडून राहिलं. बुडख्याला येणारा फुटवा तेवढाच विषारी. कापलं की आठवड्यात नांगर किंवा रोटर घालून मोकळं करा. तोवर शेळी, मेंढी, काहीच सोडू नका. शेजारच्यांनाही सांगा.

---

विमेरा_मराठी | १५ डिसेंबर, सकाळी ५:१०

नमस्कार. मी मूळचा जतचा, सध्या ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या विमेरा भागात एका मोठ्या शेतावर काम करतो. इथे बार्ली असते, म्हणजे आपला सातू. आमची काढणी आत्ता संपत आली. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण इथेही कोरड्या वर्षी वसंतात प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात हाच वाद असतो: गठ्ठे बांधायचे की दाणा काढायचा. २०१८ ला इथे पूर्वेकडच्या राज्यांत कितीतरी लोकांनी उभा गहू आणि बार्ली कापून गवतासारखे गठ्ठे बांधले.

इथले लोक निर्णय फुलोऱ्यापासून दाणा चिकात येईपर्यंतच्या दिवसांत घेतात. त्यानंतर ताटातली साखर दाण्याकडे जायला लागते आणि दाणा पूर्ण भरला की मागे उरतो तो निव्वळ भुसा. शिवाय बार्लीच्या कुसळांचा त्रास असतो, पक्की झाली की जनावराच्या तोंडात टोचतात. दाणा बारीक राहिला तर माल्टवाला घेत नाही, पशुखाद्याच्या भावात जातो. म्हणून इथे दोन्हीपैकी एकच काहीतरी हाताला लागतं.

पण आपल्या शाळूचं तसं नाही, आणि हे मला इथं येऊन जास्त कळलं. दाणा काढल्यावरही कडबा गोड राहतो, त्याला स्वतःचा भाव असतो. गव्हाच्या किंवा बार्लीच्या काडाला कोणी शेकड्यानं मोजत नाही. म्हणजे तुमच्या काळ्या रानात थांबण्याची जोखीम इथल्यापेक्षा कमी आहे, फक्त ताट उभं राहिलं पाहिजे. तुम्ही दाण्याची वाट पाहता म्हणजे वैरण सोडून देता असं नाही. वैरण जाते ती खडखड्यानं. तेव्हा लक्ष कणसावर कमी आणि बुडख्यावर जास्त ठेवा, सीनाकाठच्या ताई म्हणाल्या तसं.

इथले लोक आणखी एक करतात. निर्णयाची तारीख आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. त्या दिवशी काय दिसलं तर कापायचं तेही लिहितात. नाहीतर रोज ढग बघून रोज मन बदलतं.

---

निवृत्त_कृषीसहायक | १५ डिसेंबर, सकाळी १०:००

माणकाठ, तुमचे आकडे बोलके आहेत. मुरमाडात ११ कणसं, दहा ग्रॅम: एकरी जेमतेम सव्वा क्विंटलही नाही, तोही पोचट. तिथं वाट पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. उलट आज त्या ताटांत जो रस आहे तो रोज कमी होतोय. येत्या चार-पाच दिवसांत कापा.

काळ्यात ४१ कणसं. बारा ग्रॅम धरला तरी पाच क्विंटलच्या आसपास. थांबा.

आता मला जे खरं बोलायचंय ते पाण्याबद्दल. तुम्ही एक पाणी काळ्याला देऊ शकता का? फुलोरा संपून दाणा धरताना मिळालेलं एक हलकं पाणी दाणाही वाढवतं आणि खडखड्यालाही रोखतं, कारण तो रोग फुलोऱ्यानंतर ओल तुटली की ताटात चढतो. मोकळं पाणी सोडू नका, भेगा सगळं गिळतील आणि पहिल्या वीस ओळींतच विहीर संपेल. तुषार सिंचन लावा, रात्री, वारं पडल्यावर.

कागदाचंही बघा. ई-पीक पाहणी झाली नसेल तर पीक उभं असतानाच मोबाईलवरून नोंद करा, कापल्यावर फोटो कशाचा काढणार? पीक विमा भरला असेल तर भरपाई ठरते महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवरून, तुमच्या एकट्याच्या रानावरून नाही. पण तुमच्या जमिनीचा गट प्रयोगासाठी निवडला गेलाय का, एवढं गावच्या कृषी सहायकाला विचारून मगच विळा लावा.

---

शाळूवाला_मंगळवेढा | १५ डिसेंबर, सकाळी १०:४०

काका, तुमचा मान राखून सांगतो, पाण्याच्या बाबतीत मी सहमत नाही. या माणसाकडे तीन तासांचं पाणी आहे आणि डाळिंबाला बहार धरलाय. डाळिंबाचं पाणी तोडून ज्वारीला द्यायचं? ओल तुटली आणि मग एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं. वर्षाचा पैसा त्या झाडांवर आहे. ज्वारी ओलीवर सोडा.

निवृत्त_कृषीसहायक | १५ डिसेंबर, सकाळी ११:२५

तुमच्या रानात ओल चार फूट साठते म्हणून तुम्ही असं बोलू शकता. त्यांचा गोळा सव्वा फुटाखाली तडकतोय. सगळ्याला नको, निम्म्याला द्या. डाळिंबाला ठिबक आहे, तीन-चार दिवस निम्म्या वेळेवर आणलं तर झाड मरत नाही. आच्छादन घाला.

---

मुरघास_करा | १५ डिसेंबर, दुपारी १:००

मी सगळं कापा म्हटलं होतं, ते आता मागे घेतो. मोजून बघितलं नव्हतं. मुरमाडापुरतं माझं ऐका. कुट्टी पाऊण इंचाच्या आत पडली पाहिजे, मोठी पडली तर हवा राहते आणि बुरशी येते. कुट्टी मुठीत घट्ट आवळून सोडायची. पाणी टपकलं तर फार ओली. गोळा लगेच फुटला तर फार सुकी. हळूहळू उलगडला आणि तळहात नुसता ओलसर झाला तर बरोबर. तुमची खालची पानं वाळलीत म्हणजे सुकीकडे झुकेल, तेव्हा कापलं की त्याच दिवशी भरा, रात्रभर रानात ठेवू नका. गुळाचं पाणी शिंपडा, टनाला दहा-पंधरा किलो गूळ. बॅगेत माणूस उतरवून तुडवा. उंदरांपासून जपा, एक भोक पडलं तरी अर्धी बॅग काळी होते.

---

माणकाठ | १६ डिसेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचून आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आज घरात ठरलं ते लिहितो.

व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं. मुरमाडाचं दीड एकर १८ आणि १९ तारखेला कापायचं, कुट्टी मशीन सांगून ठेवलं. वीतभर बुडखा ठेवायचा. दवाखान्यात फोन केला, औषध आहे म्हणाले. ई-पीक पाहणी आधीच झालेली होती. कृषी सहायकांनाही विचारलं, आपला गट प्रयोगात नाही.

काळ्यातल्या ओढ्याकडच्या एका एकराला तुषारचं पाणी देणार, चार रात्री. दुसऱ्या एकराला नाही. भाऊ डाळिंबासाठी फार नाराज होता. शेवटी तोच म्हणाला की भाकरीपुरती ज्वारी निघाली तर दे.

विमेराचे भाऊ म्हणाले तशी तारीख लिहिली आहे: ६ जानेवारी. त्या दिवशी काळ्यात दहा ठिकाणी बुडातली दहा-दहा ताटं दाबून बघायची. शंभरातली पंधरा जरी पोकळ लागली तर दाणा असेल तसा, दुसऱ्या दिवसापासून काढणी.

मुरमाडाच्या कडेच्या सहा ओळी मुद्दाम ठेवणार आहे, कुंपण करून. कापलं ते बरोबर केलं का ते मला बघायचंय.

---

सीनाकाठची | १६ डिसेंबर, रात्री १०:३०

देव बरं करो दादा. उपटणीला बायका आत्ताच सांगून ठेवा. जानेवारीत सगळ्यांची एकदम येते आणि मग दुप्पट हजेरीनंही कोणी मिळत नाही. आमच्या गावात गेल्या वर्षी पंधरा दिवस पीक वाळून उभं होतं, पाखरांनी निम्मी कणसं नेली.

---

माणकाठ | ६ जानेवारी २०२४, सायंकाळी ७:२०

आज दाबून बघितलं. पाणी दिलेल्या एकरात शंभरात तीन पोकळ. न दिलेल्यात नऊ. दाणा हुरड्याच्या पुढे गेलाय. थांबतोय. बिनपाण्याच्या एकरात आता रोज फेरी आहे.

---

माणकाठ | ४ फेब्रुवारी २०२४, रात्री ९:००

मंडळी, मळणी काल झाली. सगळा हिशोब देतो, कारण पुढच्या वर्षी कोणाला तरी उपयोगी पडेल.

मुरमाड दीड एकर: टनाच्या चार बॅगा पूर्ण आणि पाचवी पाऊण. चाळीस दिवसांनी २८ जानेवारीला पहिली उघडली. वास आंबूसगोड, रंग पिवळट हिरवा. वरचा चार बोटांचा थर काळा निघाला, तो फेकला. डॉक्टरांनी सांगितलं तसं तासभर पसरून, चार किलोपासून सुरुवात केली. गाई खातात. म्हशीनं दोन दिवस तोंड लावलं नाही, तिसऱ्या दिवशी खाल्लं. रान लगेच नांगरून घेतलं.

काळं रान, पाणी दिलेलं एकर: साडेपाच क्विंटल. न दिलेलं एकर: साडेतीन. ते मी २१ जानेवारीलाच उपटलं, कारण त्या दिवशी शंभरात अठरा ताटं पोकळ लागली. दाणा थोडा बारीक आहे, पण भाकरी चांगली होते. दोन्ही मिळून कडबा अकराशे पेंढ्या. पेंढ्यांची बुचाडं अजून रानातच आहेत, या आठवड्यात गंजी लावू.

डाळिंबाची काही फळं तडकली. मंगळवेढेकर, ते तुम्ही सांगितलं होतं आणि तसंच झालं. नेमकी किती ते काढणीलाच कळेल, तेव्हा लिहीन.

आणि त्या सहा ओळी. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्या पूर्ण वाळल्या. पोटरीतली कणसं शेवटपर्यंत बाहेर आलीच नाहीत. २५ तारखेला हात लावला तर दर दोन ताटांतलं एक बुडातून मोडलं. सहाही ओळींचा दाणा आईनं सुपात पाखडला. सूपभरही झाला नाही, आणि निम्मा उडून गेला. ताटं बैलांपुढे टाकली, त्यांनी शेंडे खाल्ले आणि बाकीचं तुडवलं.

डॉक्टर साहेब, एक विचारायचं आहे. कालवड आता गाभण आहे, दुसरा महिना. तिला मुरघास अजून चालू केलेला नाही. किती दिवस थांबू?

---

डॉक्टर_गोठेवाले | ४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

तिला हा मुरघास यंदा नकोच. नवा कडबा आलाय ना, तो तिला द्या, आणि बॅगा बाकीच्या जनावरांत संपवा. बैलांना सुरुवात केली नसेल तर उद्यापासून करा.